गाल टेकायची जागा

फर्न शेडलनं जुन्या गोधडीत गुंडाळलेला बंदुकीचा दस्ता भावाच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला आणि गोधडी उलगडली. ते लाकूड बघून तिचा भाऊ एल्वुड रायगल दोन पावलं मागे सरकला.

"चावत नाही तो," फर्न म्हणाली.

"माझ्याकडे कशाला आणलास?"

"मी नाही आणला, मर्विननं पाठवलाय. राहिलेलं काम कोणाकडून करून घ्यायचं म्हणून मी त्याच्यापुढे पाच जणांची नावं घेतली, सगळे बंदूक क्लबातले. प्रत्येकाला नाही, नाही. शेवटी गंमत म्हणून तुझं नाव घेतलं, तर म्हणतो हो. तीनदा विचारलं मी. मला वाटलं, झटक्यानं डोक्यावरही परिणाम झाला की काय."

एल्वुडलाही तेच वाटलं, पण बहिणीच्या नवऱ्याबद्दल तसं बोलता येईना.

एल्वुड अठ्ठावन्न वर्षांचा. पेनसिल्व्हेनियातल्या त्या डोंगराळ खोऱ्यात तीस वर्षं गाडीतून टपाल वाटत आलेला. एखाद्या पेटीचं झाकण नीट लागलं की नाही या शंकेनं अर्धा मैल मागे जाणारा माणूस. तरुणपणी एका मुलीला मागणी घालावी की घालू नये याचा विचार त्यानं इतका केला, की तिचं लग्न झालं, मुलं झाली, आणि त्यांतला एक मुलगा पोस्टात त्याच्याच हाताखाली लागला. अकरा वर्षांपूर्वी त्यानं आणि मर्विननं ठासणीच्या बंदुकीचं, घरी जोडायचं एकेक किट एकाच दिवशी मागवलं होतं. मर्विननं तेव्हापासून चार बंदुका बांधल्या. एल्वुडनं खोका उघडला, यादीप्रमाणे प्रत्येक भाग मोजला आणि खोका पुन्हा बंद करून ठेवला.

ही मर्विनची पाचवी. मर्विन फर्निचरच्या कारखान्यातला कारागीर, त्यामुळे डोळा कडक. दोन हिवाळे खर्चून त्यानं नळी बसवली, चकमकीचा खटका बसवला, दस्त्याच्या बुडाला पितळी पत्रा बसवला. लाकडाचं काम तेवढं राहिलं. किटमधला दस्ता कारखान्यातून मुद्दाम जाडच येतो, कारण ज्याची बंदूक त्यानं तो आपल्या हाताच्या, खांद्याच्या आणि गालाच्या मापानं उतरवायचा असतो. मग ऑगस्टमध्ये टोमॅटोच्या वाफ्यात मर्विनला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. पाय थोडाफार परत आला, हात लोंबतच राहिला. बोलण्यातले तीन शब्द उरले: हो, नाही आणि मंगळवार. जे काही हो किंवा नाहीमध्ये बसत नसे, ते सगळं मंगळवार.

"सव्वीस डिसेंबरला चकमकीच्या बंदुकीनं शिकारीचा मोसम उघडतो," फर्न म्हणाली. "एकतीस वर्षांत एकदाही चुकवला नाहीये त्यानं. या वर्षी कोठाराच्या मागे खुर्ची टाकून बसवू त्याला. बंदूक मांडीवर असली म्हणजे बरं वाटेल."

"नुसती मांडीवर?"

"या वर्षी नुसती. वसंतापर्यंत हात येईल, डॉक्टर म्हणालेत. पुढच्या वर्षी हरीण मारेल."

डॉक्टर तसं म्हणाले नव्हते. ते 'बघू या' म्हणाले होते, आणि ते म्हणाले तेव्हा एल्वुड तिथेच खोलीत उभा होता. त्यानं दस्ता पुन्हा गोधडीत गुंडाळायला घेतला.

कामाला लागण्याआधी त्यानं शिकंज्याला गालिच्याचे तुकडे लावले, त्यावर जुनी पँट गुंडाळली, मग दस्ता धरला. धरल्यावर वळ तर उठला नाही ना म्हणून लगेच काढून बघितला. पोलादाच्या पातीनं लाकूड खरवडायचं, पॉलिश पेपर मारायचा, मग ओल्या फडक्यानं पुसून शेगडीच्या उबेला धरायचं. उबेनं लाकडाची बारीक कुसळं उभी राहतात, ती घासून काढायची, की पुन्हा ओलं करायचं. दस्त्याबरोबर आलेल्या मर्विनच्या वहीत लिहिलं होतं, तीनदा करावं. एल्वुडनं सहा वेळा केलं. सगळा वेळ त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती: हे मर्विनचं लाकूड आहे, आणि काढलेलं लाकूड परत लावता येत नाही.

दर रविवारी चर्चनंतर तो दस्ता गोधडीत घालून बहिणीकडे न्यायचा. आदल्या संध्याकाळी नळी पुन्हा बसवायचा, म्हणजे मर्विनला वजन आणि तोल कळेल. मर्विन खिडकीपाशी खुर्चीत असायचा. तो डाव्या हाताचा अंगठा बुडापासून टोकापर्यंत सावकाश फिरवायचा, आणि तेवढा वेळ एल्वुड परीक्षेला बसलेल्या पोरासारखा टोपी चुरगाळत उभा. अंगठा पुढे जायचा, मर्विन मान हलवायचा. मग अंगठा परत मागे यायचा आणि एका जागी थांबायचा. बुडाचा वरचा भाग, जिथे नेम धरताना गाल टेकतो, त्याची उजवी बाजू.

"मंगळवार," मर्विन तिथे अंगठा दाबून म्हणायचा.

"काही राहिलंय का तिथे?"

"हो."

एल्वुड उजेडात धरून बघायचा. ओरखडा नाही, कुसळ नाही. तरी घरी नेऊन तेवढीच जागा सगळ्यांत बारीक कागदानं घासायचा. पुढच्या रविवारी मर्विनचा अंगठा पुन्हा तिथेच.

"अकरा वर्षं तुझा खोका पुन्हा उघडला नाहीस ते बरंच झालं म्हणायचं," फर्न टोमणा मारायची. "बोटभर जागा गुळगुळीत व्हायला सहा रविवार. पूर्ण बंदुकीला तुझं पेन्शन सुरू झालं असतं."

सातव्या रविवारी ती जागा इतकी गुळगुळीत होती, की खिडकीचा उजेड तिच्यावरून घसरत होता. मर्विननं अंगठा इतका दाबला की नख पांढरं पडलं. "मंगळवार, मंगळवार," तो म्हणाला आणि त्याचा चेहरा लाल झाला. एल्वुडला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या आठवड्यात त्याचं जेवणावरचं लक्ष उडालं, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं एका घराची पत्रं दुसऱ्या घराच्या पेटीत टाकली. आपल्या हाताला काही तरी कळत नाही आणि मर्विनच्या बोटाला ते कळतंय, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं. मर्विननं आपल्यालाच का निवडलं, हे कोडं तर होतंच.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी त्याला दुसरंच काही दिसलं. फर्नसाठी आणलेली भोपळ्याची गोड पेस्ट्री गाडीत राहिली होती, ती घेऊन तो मागच्या ओसरीवरून परत येत होता. दाराच्या काचेतून मर्विन दिसला. त्यानं बंदुकीची नळी टेबलाच्या कडेवर टेकवली होती आणि दस्त्याचं बूड डाव्या खांद्याला लावलं होतं. गाल लाकडावर दाबून, मान पिळून पिळून तो डावा डोळा नळीवरच्या नेमाच्या खाचेमागे आणू पाहत होता. डोळा येत नव्हता. ते जाड लाकूड मध्ये येत होतं. दस्ता उजव्या खांद्याच्या माणसासाठी बनलेला, बुडाकडे जरासा उजवीकडे झुकलेला. डाव्या बाजूनं तो मर्विनचा चेहरा बोटभर लांब ठेवत होता.

पायरी वाजली तशी मर्विननं बंदूक झटकन मांडीवर घेतली आणि खिडकीबाहेर बघू लागला.

"हवा बदलतेय," एल्वुड म्हणाला, कारण काही तरी म्हणायला हवं होतं.

"हो," मर्विन म्हणाला.

आता काळजीची जातच बदलली. काय करायला हवं ते एल्वुडला स्वच्छ दिसलं होतं. दातेरी कानस घ्यायची, उजव्या बाजूचं लाकूड बोटभर उतरवायचं, की मर्विनचा डोळा खाचेत येईल. चकमकीचा खटका उजव्या अंगाला असतो, त्याची ठिणगी तोंडासमोर उडणार, पण त्याला चष्मा पुरतो. पुढचा भार काठ्यांच्या तिकाटण्यावर टेकवला आणि बार एल्वुडनं भरून दिला, तर मर्विन या डिसेंबरातच नेम धरू शकेल. नाही तर मोसमभर बंदूक मांडीवर घेऊन बसेल, पाळण्यातल्या पोराच्या हाती खुळखुळा द्यावा तसा.

पण दस्ता डाव्या खांद्यासाठी कापायचा म्हणजे तुझा उजवा हात येणार नाही असं मर्विनला तोंडावर सांगायचं. त्या घरात हे वाक्य कोणी उच्चारलं नव्हतं. ते बोलणारा एल्वुड रायगल कोण? आणि खरोखरच वसंतात हात आला तर? एका बाजूनं खाल्लेला तो दस्ता भिंतीवर टांगला जाईल, आणि येणारा जाणारा विचारेल, हे कोणी केलं?

त्यानं बहिणीला विचारून बघितलं. ती अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती.

"फर्न, समजा, त्यानं डाव्या खांद्यावरून मारायचं म्हटलं तर?"

"कशाला म्हणेल?"

"नाही, समजा."

फर्ननं दाण्यांची बादली खाली ठेवली. "त्याचा हात गेला असं म्हणायचंय तुला?"

"तसं नाही गं."

"मग कसं? रोज सकाळ-संध्याकाळ मी त्याच्या हातात रबरी चेंडू देऊन बोटं मिटवते. परवा करंगळी हलली. तुला काय माहीत? तू आठवड्यातून एकदा येतोस, टोपी चुरगाळतोस आणि जातोस."

"बरं, बरं."

"बरं नाही. त्याच्यापुढे असलं काही बोललास तर याद राख, एल्वुड."

एल्वुड बोलला नाही. त्यानं त्याहून वाईट केलं. पुढच्या रविवारी सर्दी झाल्याचं सांगून तो गेलाच नाही, आणि दस्त्याला रंग देऊन टाकला.

तेजाबात लोखंडाचा कीस विरघळवून केलेलं पाणी त्यानं ब्रशनं लाकडावर फिरवलं. मेपलचं गोरं लाकूड क्षणात शेवाळासारखं हिरवं झालं. वहीत मर्विनच्या अक्षरात लिहिलं होतं: हिरवं होईल, घाबरू नये. एल्वुड घाबरला. त्यानं घाईनं गरम हवेचं यंत्र सुरू केलं आणि बुडापासून इंच इंच पुढे सरकत गेला. हिरवा रंग मागे हटला, त्याच्या जागी तांबूस तपकिरी चढत गेला, आणि लाकडात लपलेले आडवे पट्टे वाघाच्या पाठीसारखे उठून आले. आंबटपणा मारायला त्यानं खायच्या सोड्याचं पाणी फिरवलं, वाळवलं, तळहातानं जवसाच्या तेलाचा पहिला हात दिला. आयुष्यात इतकं सुंदर काही त्याच्या हातून झालं नव्हतं.

आणि आता या रंगावर कानस चालवायला कोणी धजणार नाही. रंग चढला, प्रश्न मिटला, असं त्यानं स्वतःला पटवलं. हा शुद्ध भित्रेपणा होता, आणि तेल चोळताना त्याला तो कळत होता.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी फर्ननं कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेले जाड पोळीचे चौकोन केले होते. जेवणं चालू असतानाच तिला धीर धरवेना. "दाखव ना रे," ती म्हणाली. एल्वुडनं गोधडी उलगडली. फर्न नुसती बघत राहिली.

"एल्वुड, हे तू केलंस?"

"वहीत होतं तसं."

"मर्विन, बघ तरी. अरे, पट्टे बघ."

मर्विननं बघितलं. त्याचा चेहरा उतरला. त्यानं हात लावला नाही, अंगठा फिरवला नाही, मान वळवून खिडकीकडे बघत बसला. इतके आठवडे ज्याची भीती होती तेच झालं, असं त्याला वाटलं. रंगात काही बिघडलं, की अंगठ्याखालची ती जागा अजून खडबडीत राहिली, ते त्याला कळेना.

मग मर्विन वळला. त्यानं ताटातला काटा डाव्या मुठीत घेतला, पुढे वाकला आणि काट्याचं टोक दस्त्यावर टेकवून ओढलं. नव्या कोऱ्या रंगावर, बुडाच्या उजव्या बाजूला, कर्रकन पांढरी रेघ उठली.

"मर्विन," फर्न किंचाळलीच. "काय करतोस हे?"

तो थांबला नाही. रेघ वाकडी जात होती, पण कुठे जायचंय ते त्याला माहीत होतं. बुडाच्या वरच्या काठावर, कडेपासून बोटभर आत, पितळी पत्र्यापासून निघून गालाच्या जागेच्या पुढच्या टोकापर्यंत. रेघ पुरी झाल्यावर त्यानं काटा ठेवला. रेघेच्या बाहेरच्या लाकडावर अंगठा दाबला आणि हवेत काही तरी उडवून टाकावं तसा तो झटकला.

"मंगळवार," तो म्हणाला. आवाज अगदी थकलेला होता.

एल्वुडनं रेघेकडे बघितलं. तीच जागा. दर रविवारी तोच अंगठा, तिथेच दाबलेला. तो 'गुळगुळीत कर' म्हणत नव्हता. 'काढून टाक' म्हणत होता. पहिल्या दिवसापासून मर्विनला माहीत होतं की आपल्याला डाव्या खांद्यावरून मारावं लागणार, आणि तो ते सांगत होता, तीन शब्दांत जमेल तसं. आणि एल्वुड घरी जाऊन बारीक कागदानं ती जागा गोंजारत होता. काचेतून सगळं दिसल्यावरसुद्धा तो रंगाआड लपला होता.

त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की त्या लाजेत भीती बुडाली. तो मर्विनच्या खुर्चीपुढे खाली बसला.

"डाव्या खांद्यासाठी कापायचाय?"

"हो."

"या मोसमासाठी? नळी काठ्यांच्या तिकाटण्यावर टेकवून?"

"हो."

"हे बघ मर्विन, स्पष्ट विचारतो. उजवा हात परत येणार नाही असं वाटतं का तुला?"

"एल्वुड," फर्न दातओठ खाऊन म्हणाली.

"हो," मर्विन म्हणाला.

"वसंतात येणार आहे," फर्न म्हणाली. "डॉक्टर म्हणालेत. करंगळी हलली होती."

"नाही," मर्विन म्हणाला. तो तिच्याकडे बघत होता आणि अगदी मऊ आवाजात बोलला, जणू आजारी तीच होती. "नाही, नाही."

फर्ननं तीन ताटं एकावर एक ठेवली, सिंककडे नेली आणि पाठ करून उभी राहिली. नळ सोडला नाही. एल्वुड हळूच उठला, अंगण ओलांडून मर्विनच्या कामाच्या खोलीत गेला आणि भिंतीवरची दातेरी कानस काढून घेतली. परत येताना त्याला वाटत होतं की दार आतून लावलेलं असेल.

दार उघडं होतं. टेबल पुसून त्यावर वर्तमानपत्र पसरलं होतं, आणि दस्त्याखाली दोन टॉवेल घालून फर्न तो दोन्ही हातांनी दाबून उभी होती. डोळे लाल होते.

"किती काढायचंय?" तिनं विचारलं.

"रेघेपर्यंत. आधी थोडं कमीच काढू."

"मी धरते. तू घास."

कानशीचा पहिला दात लागताना एल्वुडनं डोळे मिटून घेतले, मग मिटलेल्या डोळ्यांनी कानस चालवता येत नाही म्हणून उघडले. तपकिरी भुसा पडला, त्याखालून गोरं मेपल निघालं. दहा-बारा हात मारून तो थांबायचा. नळीत आजवर दारूचा कणही गेलेला नव्हता आणि कामासाठी काढलेला खटका अजून कागदात गुंडाळून त्याच्या खिशात होता, तरी त्यानं ठासणीची दांडी नळीत घालून ती रिकामी असल्याची तीनदा खात्री केली. मग मर्विन बूड डाव्या खांद्याला लावायचा. पुढचा भाग उचलायला उजवा हात हवा होता. फर्ननं टेबलाला वळसा घातला, मर्विनच्या उजव्या अंगाला चिकटून बसली आणि नळीखालचं लाकूड आपल्या तळहातांवर तोललं.

डोळा कुठे येतोय हे समोरूनच कळतं. म्हणून एल्वुड नळीच्या तोंडासमोर गुडघ्यांवर बसला. बंदूक माणसावर रोखायची नाही हे त्याच्या बापानं त्याला चालायच्या आधी शिकवलं होतं, त्यामुळे कपाळाला घाम फुटला. खाचेमागे त्याला मर्विनचं कानशील दिसलं.

"अजून," तो म्हणाला.

पुन्हा कानस, पुन्हा खांद्याला. क्लबातला कोणी एका दमात कापून मोकळा झाला असता; दर वेळी थांबून विचारणारा हवा म्हणूनच मर्विननं आपल्याला निवडलं, हे एल्वुडला आता कळलं. पापणीचा कोपरा दिसला. अजून. मर्विननं स्वतः हात पुढे करून कानस धरली, तेव्हा एल्वुडनं त्याच्या मुठीवर आपली मूठ ठेवली आणि दोघांनी मिळून दहा हात मारले. मर्विनची ताकद किती शिल्लक आहे हे त्याला तेव्हा कळलं. पाचव्या खेपेला गाल लाकडावर टेकला तो तिथेच राहिला, मान पिळावी लागली नाही. एल्वुडनं समोरून बघितलं. खाचेच्या अगदी मधोमध मर्विनचा डोळा होता, ओला आणि उघडा, सरळ त्याच्याकडे बघणारा. झटका आल्यापासून आपण या माणसाच्या डोळ्यांत एकदाही बघितलं नव्हतं, हे त्याच्या लक्षात आलं.

"दिसतंय?" फर्ननं विचारलं.

"हो," मर्विन म्हणाला.

"सरळ?"

"हो."

फर्ननं बंदूक खाली सोडली नाही. तिचे दंड थरथरू लागले होते. "सव्वीसला खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची टाक," ती भावाला म्हणाली. "तुझं ते काठ्यांचं तिकाटणं नको. मी धरीन."

"अगं, थंडी असेल. तीन-तीन तास बसावं लागतं. वारा असतो कोठारामागे."

"मग दोन स्वेटर घालीन," फर्न म्हणाली.